कॅप्टन डॉक्टरांच्या वर्गातला पेशंट

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, त्याची आधीच माफी मागतो. पाचवीत शाळा सुटली आणि मामाच्या शिलाईच्या दुकानात बसलो. जड शब्द मला येत नाहीत. पण आमच्या रत्नागिरीत कॅप्टन डॉक्टरांच्या गोष्टी इतक्या साठल्या आहेत, की बाजारात दोन माणसं भेटली की नवी गोष्ट तयार! लढाईत ब्रह्मदेशात शिपाई बरे केलेला हा माणूस मुंबईची प्रॅक्टिस सोडून इथे आला. विहिरी साफ करतो, गटार तुंबलं की स्वतः फावडं धरतो. बाकीचे या गोष्टी कौतुकानं सांगतात. मी जळत जळत सांगतो, एवढाच फरक.

*

पटकीच्या भीतीनं डॉक्टरांनी राजिवड्याच्या विहिरीत जांभळी पूड टाकली. पाणी गुलाबी झालं! बायका घागरी घेऊन मागे सरल्या. डॉक्टरांनी पोहरा ओढला आणि सगळ्यांसमोर ओंजळीनं प्यायले.

मोहल्ल्यातली अमिना चाची तोंडाची फटकळ. म्हणाली, "डॉक्टर, सरबत केलंत खरं, पन साखर कोन घालनार?"

"साखर तुम्ही आणा चाची, पहिला पेला तुमचा!"

चाची हसत सुटली आणि तिनं घागर सोडली. मागोमाग सगळ्यांच्या घागरी!

पाणी उकळून प्या, असं मीही गिऱ्हाइकांना सांगत होतो. चाची मला म्हणाली, "तू आपली सदऱ्याची काजं कर!"

*

घरात तरी काय वेगळं! मला ताप आला. आईनं पेज दिली.

"आई, मीठ कमी आहे."

"तापात जिभेला असंच वाटतं. गप गीळ."

संध्याकाळी डॉक्टर आले. पेज चमचाभर चाखली आणि म्हणाले, "वहिनी, जरा मीठ हवं."

आई धावत मीठ घेऊन आली. "किती हो बारीक लक्ष तुमचं!"

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

*

मग डॉक्टरांनी शाळेच्या पडवीत प्रथमोपचाराचा वर्ग काढला. माडावरून पडलेला माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्रिकोणी पट्ट्या शिवायचं काम माझ्याकडे आलं. मुलींच्या शाळेत शिकवणारी कुसुम त्या वर्गाला जाते, हे मला कळलं होतं. मी प्रत्येक पट्टीची कड मुडपून दुहेरी शिलाई मारली. असं काम मी नवरदेवाच्या कोटालाही केलेलं नाही!

डॉक्टरांनी पट्टी बोटांत फिरवून बघितली. "टेलर, काम झकास! पण ही शिवण जखमेला टोचेल. उसव सगळं."

शेजारी कुसुम. ती मलाच विचारते, "डॉक्टरांना किती कळतं, नाही?"

उसवताना ब्लेड बोटात गेलं. तेही डॉक्टरांनीच बांधलं.

*

वर्गात पेशंट व्हायला कोणी तयार होईना. मी हात वर केला. बांधणार कुसुम होती ना!

तिनं माझ्या पायाला फळ्या बांधल्या, हात झोळीत अडकवला, डोक्याला पट्टी गुंडाळली. प्रत्येक गाठ मारली की मान वर. "बरोबर आहे का, डॉक्टर?" माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी हळूच म्हटलं, "जरा घट्ट होतंय."

"टेलर, बेशुद्ध माणूस बोलत नाही!" डॉक्टर ओरडले.

वर्ग सुटल्यावर मी लंगडत तसाच घरी गेलो. सोडायचं मनच होईना. आई दारातच किंचाळली, "कोणी रे बांधलंन हे?"

"डॉक्टरांच्या वर्गात."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि बांगडे साफ करायला बसली!

*

कॅप्टन बिनलग्नाचे. कुसुम उठताबसता त्यांचं नाव घेते. बाजारात कुजबुज सुरू झाली. मामा म्हणाला, "बघ, नवऱ्या मुलाच्या कोटाचं कापड आपल्याकडेच येतंय!" माझं जेवणावरचं लक्ष उडालं. कुसुमच्या मनात काय आहे ते विचारायचं, तर तिच्यासमोर माझी जीभ वळत नाही.

तेवढ्यात वर्गाची परीक्षा आली. "मिलिटरीत परीक्षा सांगून घेत नाहीत," डॉक्टर म्हणाले. ज्याची परीक्षा, त्याच्या वाटेवर कोणीतरी पडून राहायचं. कुसुमच्या वाटेवर पडायला मला पाठवलं. डॉक्टर घड्याळ घेऊन जांभ्या दगडाच्या गडग्यामागे, त्या बुटक्या भिंतीआड, लपून बसले.

मी सायकलसकट पडलो. घाईत जरा जास्तच जोरात पडलो. डोळे मिटून घेतले.

पावलं आली आणि थांबली. नाडी बघा, श्वास बघा, मदतीला माणूस धाडा, सगळं तिला पाठ होतं. वर्गात पहिली ती! पण माझ्या मनगटाला हात काही लागेना. मग ती मटकन खाली बसली.

"सदाशिव! अहो सदाशिव, डोळे उघडा हो!" आणि हुंदक्यावर हुंदका!

गडग्यामागून डॉक्टर उठले. "कुसुम, नाडी?"

ती माझी बाही धरून रडतच होती.

"श्वास?"

हुंदके आणखी वाढले.

"नापास!"

मी डोळे उघडले. तिनं पदरानं तोंड पुसलं, "लाज नाही वाटत?" म्हणाली आणि तरातरा निघून गेली. डॉक्टरांनी मला उठवलं, पाठीवरची माती झटकली.

"टेलर, कोपर खरंच फुटलंय. सकाळी दवाखान्यात ये, बांधून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला, बाही वर दुमडली, दवाखान्यावरून तसाच पुढे गेलो आणि कुसुमच्या दारात कोपर पुढे करून उभा राहिलो.