वाऱ्याच्या वाटेतलं घर

बहारिनमध्ये सनाबिसचा फ्लॅट सोडून आम्ही बुदैयाकडे राहायला गेलो ते माझ्या नवऱ्याच्या हौसेपायी. त्याला अंगण हवं होतं. हायवेपासून आत, एका गल्लीच्या टोकाला आम्हाला बैठं घर मिळालं. मागच्या भिंतीपलीकडे खजुराची जुनी बाग होती. बाग म्हणायची इतकंच. विहिरीचं पाणी खारट झालं तेव्हा मालकाने तिच्याकडे पाठ फिरवली आणि झाडं उभ्या उभ्या वाळली. प्रत्येक खोडाला वाळक्या झावळ्या लोंबत होत्या. जरा वारा सुटला की त्या एकमेकींवर घासायच्या. पहिले काही दिवस मला वाटायचं, पलीकडे कोणीतरी सारखं झाडतंय.

पहिल्याच उन्हाळ्यात मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर बागेतून धुराची बारीक रेघ वर चढत होती. मी आपत्कालीन नंबर फिरवला. अग्निशमन दलाची गाडी यायच्या आत एक जुनी पिकअप गल्लीत घुसली. मागे पाण्याची टाकी, शेतावरचा डिझेल पंप आणि पाइपाचं वेटोळं. तीन माणसं उतरली आणि न बोलता कामाला लागली. दलाची मोठी गाडी पोचली तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं.

त्यांच्यातले पुढारी म्हणजे एक उंच, पांढऱ्या दाढीचे बहारिनी गृहस्थ. उभी नोकरी आग विझवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून गावातल्या लोकांना हाताशी धरून त्यांनी हे पथक उभं केलं होतं. सगळे त्यांना हाजी म्हणत. दुसरे गावातले शाळामास्तर. तिसरे आपल्या रत्नागिरीकडचे. कोपऱ्यावर त्यांचं कोल्ड स्टोअर, म्हणजे आपलं किराणा-दुधाचं दुकान. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो.

हाजींनी मोडक्या हिंदीत मला विचारलं, "आधी काय दिसलं? धूर की ज्वाळा?"

"धूर. काळा नव्हता, पिवळट होता."

त्यांनी चाचांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "तुला बघता येतं. तुझ्या लोकांशी बोलशील आमच्यासाठी?"

अशी मी त्या पथकात शिरले. मी एका कंपनीचे हिशेब घरी बसून बघणारी बाई. पाइप उचलणं मला जमणारं नव्हतं. माझं काम आवाजाचं. हिंदीत आणि मराठीत छोटे निरोप रेकॉर्ड करायचे. सिलिंडर दाराशी ठेवू नका. एका पॉइंटवर दोन एसी लावू नका. धूर आला तर उभे राहू नका, जमिनीलगत सरका. ते निरोप चाचा फोनवरून आजूबाजूच्या खोल्यांवर धाडत, आणि पाव घ्यायला आलेल्याला दुकानात उभं करून ऐकवत. माझी मुलगी हसायची, "आई, यू साउंड लाइक द एअरपोर्ट लेडी."

बागेच्या मधोमध एक जुनं शेतघर होतं. तिथे सीफच्या मॉलमध्ये रात्रपाळीला साफसफाई करणारे कामगार राहत. ते सकाळी येत, दिवसभर झोपत, संध्याकाळी बस त्यांना घेऊन जाई. गच्चीवरून मला त्या घराचा बाहेरचा दिवा दिसे. तो दिवसाही जळत असायचा. दुपारी आतले एसी सुरू झाले की तो एकदम मलूल व्हायचा आणि बराच वेळ फडफडायचा.

मी हे हाजींना सांगितलं. त्याच आठवड्यात आम्ही तिकडे गेलो.

विजेची तार रस्त्यावरच्या खांबावरून झाडाझाडांवरून ओढत आणली होती. वाळक्या झावळ्यांत ती कुठे शिरते आणि कुठे बाहेर पडते ते कळत नव्हतं. घराला वापरातलं एकच दार, दाराला लागून शेगडी आणि सिलिंडर. मागचं दार होतं, पण त्याच्यापुढे फ्रिज आणि पत्र्याच्या पेट्या रचलेल्या. उन्हं येऊ नयेत म्हणून खिडक्यांना आतून चंदेरी कागद डकवलेला, बाहेरून लोखंडी गज. हाजींनी मीटरच्या पेटीशेजारी भिंतीवर पंजा टेकवला आणि तसाच ठेवला. मग मला म्हणाले, "तू बघ." मीही हात लावला. त्या बाजूला ऊन पडत नव्हतं, तरी भिंत तापलेल्या अंगासारखी लागली.

"मुश्किल," हाजी पुटपुटले. "वाजिद मुश्किल." म्हणजे फारच अवघड.

चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "बाय, ह्या घराचा काय खरा नाय."

कामगारांपैकी एक परभणीकडचा होता, वयाने माझ्यापेक्षा मोठा. मराठी ऐकून तो बाहेर आला. "तुमचा आवाज ओळखीचा हाय," तो म्हणाला, "फोनवरल्या ताई ना तुम्ही?" मी हो म्हटलं तेव्हा त्याचा चेहरा खुलला, पण हाजी तारेकडे बोट दाखवून बोलू लागले तसा तो गंभीर झाला.

"ताई, तक्रार नका करू त्यांना म्हणा. हे घर बंद झालं तर आम्ही जावं कुठं?"

मी ते हाजींना सांगितलं. शेवटी ठरलं की आधी मालकाला गाठायचं. मालक हिद्दला राहायचा. त्याने आम्हाला अदबीने बसवलं, कहवा दिला, खजूर पुढे केले. हाजी बोलत होते, तो मान हलवत होता. वायरिंग बदलू? इंशाल्ला. मागचं दार मोकळं करू? इंशाल्ला. निदान एका खिडकीचे गज काढू? इंशाल्ला. बाहेर पडल्यावर मी विचारलं, "म्हणजे हो म्हणाला?" हाजी म्हणाले, "नाही म्हणाला नाही." येत्या महिन्यात तार बदलली नाही तर आपण स्वतः तक्रार करू, असं मात्र त्यांनी त्याला निघताना बजावलं होतं.

गजांसाठी ते थांबले नाहीत. शुक्रवारच्या नमाजानंतर पिकअप घेऊन आले. मास्तरांनी ग्राइंडर आणलं होतं. हाजींनी ते गाडीतच ठेवायला लावलं. त्या झावळ्यांमध्ये एक ठिणगी पुरली असती. मग करवतीच्या पात्याने, आळीपाळीने, घाम पुसत त्यांनी मागच्या खिडकीचे गज कापले. आतली माणसं खाटांवर बसून बघत होती. परभणीवाला म्हणाला, "आता चोर येतील की." चाचांनी विचारलं, "काय नेतील रे तुझा?" सगळे हसले. हाजी हसले नाहीत. ते खोडांकडे बघत होते. वायव्येचा वारा आला तर कुठल्या खोडावरून कुठल्या खोडावर आग जाईल, ते त्यांच्या नजरेला दिसत असावं. त्यांची नजर प्रत्येक वेळी त्या घराशी येऊन थांबत होती.

महिना संपायच्या आत शमाल सुटला. हा इथला वायव्येचा वारा. इराककडची धूळ घेऊन येतो आणि दिवसेंदिवस थांबत नाही. आभाळ मळकट पिवळं झालं, सूर्य नुसता पांढरा ठिपका. मी दारं-खिडक्या लावून कामाला बसले होते. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत. दुपारी नाकाला वास आला. धुळीचा नव्हे, रबराचा.

गच्चीवर गेले. तार तुटून एका झाडात अडकली होती आणि ते झाड वरून खाली पेटत होतं. माझ्या डोळ्यांदेखत पुढचं झाड पेटलं, मग त्याच्या पुढचं. आवाज मोठा पाऊस पत्र्यावर पडावा तसा होता. शेतघराचा दिवा विझलेला होता.

मी नंबर फिरवला, मग हाजींना, मग चाचांना. कामगारांच्या फोनवरच्या ग्रुपवर निरोप टाकला, पण टाकतानाच मला कळत होतं की झोपलेली माणसं फोन बघणार नाहीत. म्हणून ओढणी भिजवून तोंडाला बांधली आणि मागच्या फाटकातून धावले. धाडसी नाही मी. फक्त दुसरं काही सुचलं नाही.

चाचा दुकान उघडं टाकून माझ्या मागोमाग पोचले. घराच्या दारासमोर झावळ्यांचा जळता ढीग पडला होता. आतून आरडाओरडा ऐकू येत होता. वीज गेल्याने एसी बंद पडले होते, त्या उकाड्याने ते जागे झाले होते आणि काळोखात, धुरात, सवयीप्रमाणे सगळे पुढच्या दाराकडे धावत होते. कोणीतरी कडी ओढत होतं.

मी मागच्या खिडकीकडे गेले, काचेवर दगड घातला, कागद फाडला आणि ओरडले, "दार उघडू नका! इकडे या, खिडकीकडे या! खाली वाका, सरकत या!" मराठीत ओरडले, हिंदीत ओरडले. घसा फाटेपर्यंत तेच. आत परभणीवाल्याचा आवाज आला, "ताई हायेत! खिडकीकडं चला, खिडकीकडं!"

आणि मग एकेक डोकं बाहेर येऊ लागलं. चाचा बगलेत हात घालून त्यांना खेचत होते. तोवर पिकअप आली. मास्तरांनी पंप सुरू करून पाणी भिंतीवर धरलं. भिंतीवर पडलेलं पाणी वाफ होऊन उडत होतं.

परभणीवाला सर्वांत शेवटी आला. जमिनीवर खोकत बसला, आजूबाजूचे चेहरे पाहिले आणि उठून उभा राहिला. "आतल्या खोलीतला? तापानं पडलेला? तो कुठंय?"

सगळे खिडकीकडे वळले.

हाजींनी डोक्याचा रुमाल सोडला, पाण्यात बुडवला, नाकातोंडावर गुंडाळला. मास्तर अरबीत त्यांना काहीतरी विनवू लागले. "खलास," हाजी म्हणाले, म्हणजे बोलणं पुरे, आणि त्या वयाचा माणूस खिडकीवर चढून आत उतरला.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. धूर आता खिडकीतून आमच्याकडे येत होता, दाट, काळा. मग सिलिंडर फुटला. छपराचा एक भाग खाली बसला. चाचा मोठ्याने दुआ म्हणू लागले. आणि त्या धुरातून दोन हात बाहेर आले, पण ते हाजींचे नव्हते. आजारी माणसाला त्यांनी खालून वर ढकललं होतं. आम्ही त्याला ओढून घेतलं. त्याच्यामागून कोणीच आलं नाही.

तेवढ्यात दलाची गाडी आली. मुखवटे लावलेले जवान आत गेले आणि हाजींना उचलून घेऊन आले. त्यांची पांढरी दाढी काळी झाली होती.

ते वाचले. पण फुप्फुसं भाजली होती. दवाखान्यातून काही महिन्यांनी घरी आले ते कुजबुजल्यासारखं बोलतच. आधीचा तो खर्जातला आवाज परत आला नाही. आजारी कामगारही वाचला आणि गावी परत गेला. बाकीच्यांना गावातल्या मातममध्ये, म्हणजे तिथल्या धार्मिक सभागृहात, काही दिवस आसरा मिळाला. बायका घराघरातून भाताची पातेली पाठवत होत्या. पुढे कंपनीने त्यांना दुसरीकडे हलवलं.

मागच्या महिन्यात परभणीवाल्याचा फोन आला. "ताई, नवीन खोली चांगली हाय. पण खाली गोडाऊन हाय, कसला तरी वास येतो रात्रंदिवस. डोकं दुखतं."

मी, चाचा आणि हाजी त्याच संध्याकाळी गेलो. हाजींना जिना चढवत नव्हता, ते गाडीतच बसले. खाली शटरला कुलूप होतं. फटीतून थिनरचा वास येत होता, इतका की डोळे चुरचुरले. वर जायला एकच लाकडी जिना, त्याच्याखाली रंगाचे रिकामे डबे आणि फोमच्या गाद्यांची थप्पी.

मी खाली येऊन हाजींना सांगितलं. त्यांनी ह्या वेळी मालक कोण ते विचारलं नाही, कहवा प्यायला कुठे जायचं तेही नाही. फोन काढला आणि आपल्या जुन्या खात्यात तक्रार नोंदवली. पलीकडच्याला ऐकू जात नव्हतं, म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा, थांबून, धाप घेत.

परभणीवाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहून ऐकत होता. त्याला अरबी येत होतं की नाही कोण जाणे, पण काय चाललंय ते त्याला कळलं.

"ताई," तो म्हणाला, "उद्या सकाळी कामावरनं आलो की आम्ही कुठं निजावं?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ते बघू. आधी सगळ्यांना उठवा आणि अंथरुणं खाली आणा."