कांद्याच्या व्यापाऱ्याच्या कुत्र्याचं पथ्य

"कांद्यानं? कांद्यानं कुत्रं आजारी पडतं? ओ मॅडम, मग अख्ख्या पिंपळगावात एक कुत्रं जिवंत राह्यलं नसतं!"

दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा आवाज मूळचा लिलावातला. शंभर ट्रॅक्टरांच्या रांगेवरून पलीकडे पोचायची त्याला सवय. तो नाशकातल्या त्या चिमुकल्या, एसी लावलेल्या, प्राण्यांच्या दवाखान्यात फुटला तेव्हा बाकावरचं एक पग मालकिणीच्या ओढणीत शिरलं आणि भिंतीवरचं घड्याळ जागच्या जागी थांबलं. बायको म्हणते, घड्याळ आधीपासूनच बंद होतं. ती म्हणणारच.

स्टीलच्या टेबलावर आमचा कुत्रा आडवा पडला होता. एरवी दादांचा आवाज चढला की हाही सूर लावायचा. आज शेपूटसुद्धा हललं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या चुना फासल्यासारख्या पांढऱ्या.

"रोज खायला काय घालता, काका?"

आता हा प्रश्न दादांच्या अभिमानाचा. बिनखर्चात कुत्रं कसं पाळावं, यावर ते बारशापासून दहाव्यापर्यंत कुठेही व्याख्यान द्यायचे. मी एकदा त्यांना कुत्र्याच्या खाण्याचं पाकीट आणायला दुकानात नेलं होतं. त्यांनी किंमत वाचली, पाकिटावरचा गुबगुबीत कुत्रा बघितला आणि दुकानदाराला विचारलं, "हे कुत्रं पण यातच येतं का?"

"आपण जेवतो तेच," दादा छाती काढून म्हणाले. "कालची भाजी, रस्सा, त्यात भाकरी कुस्करून. रविवारी मिसळ. वरून कांदा-लिंबू."

"लिंबू खातो?"

"लिंबू नाय खात. कांदा आवडीनं खातो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कांद्या-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एकदम नाही, रोज थोड्या थोड्या. शिजवला तरी तेच. आजपासून पूर्ण बंद. औषधं देते, काही दिवसांनी परत रक्त तपासू. अजून उतरलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागेल." मग त्यांनी त्याचा खर्च सांगितला. आणि वर म्हणाल्या, "एवढं करूनही वाचेलच, असं मी नाही सांगू शकत."

आम्ही आडगावच्या घराकडे निघालो. हायवेवरच्या प्रत्येक टेम्पोवाल्याला त्याचे आईवडील आठवून देणारा हा माणूस कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याचे कान चोळत बसला होता. मला वाटलं, आता बिलापायी यांनाच रक्त चढवावं लागतंय. घराच्या फाटकाशी गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "ही गोष्ट कुंपणाबाहेर जाता कामा नये."

कारण सरळ होतं. पिंपळगावला आमचं कांद्याचं खळं. तिथे माल निवडायचा, गोण्या भरायच्या आणि ट्रकनं देशभर धाडायचा. दादांची पत काय ती मालावर. त्यांच्या मालानं त्यांचंच कुत्रं अंथरुणाला खिळलं, हे बाजारात कळलं की संपलं. बाकीचे व्यापारी त्यांच्याकडे बघून नुसते भुंकले असते.

बाहेर तोंड बंद ठेवणं सोपं होतं. खरी पंचाईत घरात. आमच्या घरात कांदा भाजीत पडत नाही, भाजी कांद्यात पडते. काय करायचं ते ठरायच्या आधी आई दोन कांदे चिरून मोकळी होते. चहा तेवढा वाचलाय, आणि तोही नशिबानं. अशा घरात कुत्र्याला कांद्यापासून लांब ठेवायचं म्हणजे माशाला पाण्यात कोरडं ठेवायचं.

डॉक्टरीणबाईंनी पथ्याचं एक पाकीट सुचवलं होतं. त्याची किंमत ऐकून दादांनी कपाळावर हात मारला, पण या खेपेला खिशातही घातला. "आणा. काय असंल ते असू दे."

इथे माझी बायको कामाला आली. तिनं बाईंना सरळ फोन लावला. "घरचं चाललं तर काय काय चालेल?" बाईंनी सगळं सांगितलं: भात, उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन, थोडी कलेजी, लाल भोपळा, आणि प्रत्येक गोष्ट किती, तेही. बायकोनं फोन ठेवला आणि फर्मान काढलं, "त्याचं फोडणीच्या आधी वेगळं काढायचं, वेगळ्या पातेल्यात. बस्स." पाकिटाच्या पैशात तो महिनाभर पोटभर जेवला असता आणि वर चिकनवाल्याशी ओळख झाली असती ती वेगळीच.

सगळ्यांना पटलं. कुत्र्याला सोडून.

त्यानं ताटली हुंगली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला जेवणाऐवजी वर्तमानपत्र वाढलंय. नाक वळवून तो दादांच्या ताटाजवळ जाऊन बसला. दुपारी तेच, रात्री तेच. अंग आधीच गळालेलं, त्यात उपास. दादा उठले, स्वतःच्या ताटातला झणझणीत रस्सा आईकडे सरकवला आणि म्हणाले, "मला पण त्याच्यासारखंच वाढ."

आईच्या हातातला डाव वरच राहिला. ज्या माणसानं उभ्या जन्मात एकादशी पाळली नाही, तो फिका भात आणि फिका भोपळा घेऊन जमिनीवर बसला. एक घास स्वतः खायचा, मिटक्या मारायचा (त्या मिटक्या मुंबई-आग्रा हायवेवर ऐकू गेल्या असतील) आणि दुसरा घास कुत्र्यापुढे धरायचा. कुत्र्यानं बराच वेळ विचार केला. मग खाल्लं.

"माझ्या बाळंतपणात डॉक्टरनं सांगितलं होतं, घरात विडी नको," आई म्हणाली. "ओढलीच ना?"

"तेव्हा मला कळत नव्हतं."

"आता कुत्र्यानं शिकवलं वाटतं."

दादांनी बोटानं तोंडाकडे खूण केली. त्यांच्या तोंडात भोपळा होता.

खळ्यावर डब्याची चर्चा सुरू झाली. शेठच्या डब्यात कांदा नाही म्हणजे घरात काहीतरी मोठं घडलंय. दादांनी पित्ताचं कारण सांगितलं. त्याबरोबर निम्म्या तालुक्यानं औषधं सुचवली. एका हमालानं तर कच्चा कांदाच ठेचून आणला. पित्तावर रामबाण, म्हणाला.

पण कुत्रा सावरला. हिरड्यांना हळूहळू रंग चढला, फाटकापाशी येऊन तो दूधवाल्यावर पूर्वीसारखा अन्याय करायला लागला. रक्त परत तपासलं तेव्हा बाई खूश झाल्या. "छान भरून येतंय. पण काका, इतक्यात ढिले पडू नका. कांदा चुकूनही नको."

त्याच आठवड्यात मालेगावचा व्यापारी घरी आला. हा मोठा गडी. इंदूरपर्यंत माल धाडायचा. त्याचा सौदा झाला तर दादांचा अख्खा हंगाम निघायचा. आईनं त्याच्यासाठी कांदाभजी तळली. कुत्र्याला मागे बांधायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते केलंही होतं. फक्त गाठ माझी होती.

पाहुणा पहिल्याच भज्याला डोलला. दुसरं हातात घेतलं तेवढ्यात कुत्रा दोरीसकट येऊन त्याच्या पायाशी बसला. पाहुणा प्रेमळ. "अरे, ये, ये," म्हणत त्यानं भजं टाकलं.

"नको!"

असा आवाज मी पिंपळगावच्या लिलावातसुद्धा ऐकला नाही. दादा टीपॉयवरून गेले, बाजूने नाही, वरून. बशा गेल्या, चटणी पाहुण्याच्या पांढऱ्या पँटवर गेली. दादांनी कुत्र्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडला, भजं बाहेर काढलं, मग बोट फिरवून घशापर्यंत तपासलं. कुत्रा बिचारा तोंड उघडं ठेवून सगळ्यांकडे बघत राहिला.

पाहुणा भिंतीला चिकटला होता. "शेठ, भज्यात काय होतं काय?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. पित्ताचं कारण इथे चालणार नव्हतं. भज्याचा लगदा मुठीत धरून ते जमिनीवरच बसून राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. हिरड्या, रक्त, डॉक्टरीणबाई, फिका भोपळा, सगळं. शेवटी म्हणाले, "माझाच कांदा त्याला बाधला. आता घ्यायचा तर घ्या, नाय तर नका घेऊ. पण याला मी देणार नाय."

पाहुण्यानं रुमालानं पँटवरची चटणी टिपली, एका बशीत वाचलेलं भजं उचललं आणि चावता चावता म्हणाला, "आमच्याकडं कांदा माणसं खातात, शेठ."