डोळा: डबल कन्फर्म

म्हात्र्यांनी चादर ओढली आणि राक्षस आमच्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघू लागला.

दोन! सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या एका मॉलमध्ये शाळेच्या सुट्टीसाठी एकाक्ष राक्षसांचा डिस्प्ले होता आणि डिझायनर मी होतो. ग्रीक पुराणातले हे सायक्लॉप्स. कपाळाच्या मधोमध एक डोळा, राहायला गुहा, पाळायला मेंढ्या. प्रचंड दगडी भिंती दिसल्या की ग्रीक म्हणत, या त्यांनीच रचल्या. तसल्या बांधकामाला आजही त्यांचंच नाव आहे. हे सगळं पॅनेलवर मीच लिहिलं होतं. 'एकच डोळा' हे शब्द तर जागोजागी होते.

"म्हात्रे, दोन कसे?"

"साहेब, तुम्हीच लिहिलंत. डोळा डबल."

मी त्यांना शॉप ड्रॉइंग दिलं होतं, म्हणजे कारखान्यासाठी मापांसकट काढलेलं चित्र. त्यात राक्षस फक्त बाजूने काढला होता. बाजूने गणपतीचाही एकच डोळा दिसतो. समोरून काढायचा राहून गेला. शेजारी ऐटीत इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, 'आय: डबल कन्फर्म'. सिंगापुरात याचा अर्थ, पुन्हा एकदा खात्री करा. म्हात्रे पेणचे मूर्तिकार, इथे नुकतेच आलेले. त्यांनी डबल करून कन्फर्म केलं. डोळे इतके सुरेख रेखले होते, की राक्षस आता आशीर्वाद देईल असं वाटत होतं.

तेवढ्यात मॉलच्या मॅनेजर मिसेस लिम आल्या.

"व्हाय टू आइज? हू मेड? टेल हिम डोन्ट कम बॅक!"

म्हात्र्यांची नोकरी अजून कच्ची होती. मी पुढे झालो.

"माझी चूक," मी म्हणालो. "ड्रॉइंग माझं, इंग्लिशही माझं. मघाशी लिफ्ट अडवली होती, तीही मीच. सॉरी."

"एनफ सॉरी, लाह! ओपनिंग ॲट इलेव्हन. फिक्स इट, ऑर बोथ गो." 'लाह' म्हणजे इथलं 'बरं का'.

काचेच्या दाराबाहेर पोरांची रांग लागली होती. डोळे खरवडायला वेळ नव्हता. माझी नजर सजावटीतल्या मेंढीवर गेली.

"म्हात्रे, हिची लोकर काढा."

"सगळी?"

"सगळी! देव माफ करो."

दोन्ही डोळे झाकणारी एक अखंड, झुबकेदार भुवई तयार झाली. फूड कोर्टातून सूपचा मोठा बाउल मागून आणला, उपडा करून कपाळावर चिकटवला. म्हात्र्यांनी त्यावर बुबुळ रंगवलं. मी शिडी धरून वेड्यासारखा हसत होतो आणि मेंढीला सॉरी म्हणत होतो.

दारं उघडली. बायको ऑफिसला, म्हणून माझी सात वर्षांची इरा सोबत आली होती. ती राक्षसाकडे टक लावून बघत मोठ्याने म्हणाली, "बाबा, व्हाय हिज मिशी सो हाय अप?"

सगळी रांग खिदळली. मिसेस लिमनी ओठ घट्ट दाबून धरले, मग त्याही हसत सुटल्या. म्हात्र्यांचा हात धरून म्हणाल्या, "यू, नेक्स्ट इयर कम अगेन."

पुढच्या वर्षी ऑर्डर आली: राक्षस तोच, मिशी वरच हवी. या वेळी मी चित्र समोरून काढलं आणि मराठीत लिहिलं, 'डोळा: एक'.

म्हात्र्यांचा फोन आला. "साहेब, आणि मिशी?"

"एकच."

"डबल कन्फर्म?"

मी फोन ठेवून दिला आणि कारखान्यात स्वतः जाऊन बघून आलो. तेव्हापासून दरवेळी जातो.