खांद्यासाठी उतरवलेली भिंत

कुलदीप हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव छापलं तर माझं काही बिघडणार नाही. माझ्यावर केसेस आहेतच, त्यात एकीची भर. पण त्याला त्याच गावात राहायचं आहे. म्हणून गावाचंही नाव लिहीत नाही. मुरुडपासून आत, खाडीच्या कडेचं भातशेतीचं एक गाव, एवढंच धरा. वाळीत टाकलेल्यांच्या मागे मी या पट्ट्यात बरीच वर्षं चपला झिजवते आहे. असं गाव शोधायला लांब जावं लागत नाही.

कुलदीप भिंती सजवतो. बारावीनंतर वाशीला एका इंटिरियरवाल्याकडे लागला, तिथे झाडू मारता मारता काम शिकला. अलिबागच्या बाजूला मुंबईकरांचे बंगले उठलेत ना, त्यांत घरातल्या घरात सिनेमा बघायची वेगळी खोली असते. त्या खोलीला आवाज पिणाऱ्या टाइल लागतात. दाबलेल्या लोकरीसारख्या, जाड, सहा कोनी, रंगीत. मधमाशीच्या पोळ्यासारख्या एकीला एक लागून बसवायच्या. बघणाऱ्याला कुठे स्क्रू दिसत नाही, खिळा दिसत नाही. युक्ती पाठीमागे असते. भिंतीवर आडवी लोखंडी पट्टी ठोकायची, टाइलच्या पाठीला तशीच पट्टी उलटी. टाइल भिंतीला टेकवून वरून खाली सोडली की पट्टीत पट्टी अडकते. काढायची तर तीच टाइल वर उचलायची आणि पुढे ओढायची. पण वर सरकायला जागा लागते, म्हणून सुरुवात सगळ्यात वरच्या रांगेपासून. खालून हात घातलात तर टाइल फाटते नाहीतर प्लास्टर येतं.

"लोकांना वाटतं फेविकॉल लावलाय," तो हसायचा. "बोटानं खरवडून बघतात येडे."

आता गावच्या हॉलबद्दल. चार सिमेंटच्या भिंती, वर पत्रा. एक माणूस खोकला तरी तिघांना खोकला झाल्यासारखं वाटायचं. लग्नात भटजीचे मंत्र कुठले आणि नवरीच्या मामाच्या शिव्या कुठल्या, हे तोंडं बघूनच ओळखायचं. या हॉलात जेट्टीची जनसुनावणी दोनदा लागली आणि दोनदा उठली. एका कंपनीला खाडीत जेट्टी हवी होती आणि जेट्टीपर्यंतचा रस्ता गावाच्या भातशेतीतून जाणार होता. अधिकारी बोलायला लागले की माइक किंचाळायचा. मागून बाया "जेट्टी नको" म्हणाल्या की भिंती तेच चार-पाचदा म्हणायच्या. लिहून घेणारा कारकून कानावर हात धरून बसला. काही ऐकू येत नाही, नोंद होत नाही, म्हणून सुनावणी पुढे ढकलली. नोंद नाही तर सुनावणी नाही, सुनावणी नाही तर परवानगी नाही. आमच्या मोर्च्यांना जे जमलं नाही ते त्या पत्र्याने करून दाखवलं.

मग कंपनीला एकदम गावाचं प्रेम आलं. लग्नसराईच्या आधी हॉलचं सुशोभीकरण करून देतो, म्हणाले. गावकीचा, म्हणजे गावच्या पंचांच्या बैठकीचा, अध्यक्ष जोमादादा. गावकी बसली, माना हलल्या, ठराव झाला. रंग जोमादादाने स्वतः निवडले, शेंदरी आणि मोरपंखी. पनवेलच्या ठेकेदाराला कळलं की या कामाचा माणूस याच गावात आहे. त्याने कुलदीपला लावला.

कुलदीप हरखला होता, हे मला त्याच्या बायकोने, सोनलने सांगितलं. इतकी वर्षं काम केलं, पण त्याच्या आईने, सोनाबाईने त्यातलं एकही पाहिलं नव्हतं. बंगल्याचा वॉचमन तिला गेटच्या आत कुठे सोडतोय! आता ती रोज भाकरी घेऊन हॉलात जायची. टाइलवरून हात फिरवून म्हणाली, "गोधडीवानी लागतंय रं." बाप, बाबाजी, दम्याने बेजार. तरी हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "पोरगा लावतोय माझा."

आणि कुलदीपने काही लपवलं नव्हतं. जोमादादाला तोंडावर सांगितलं होतं, "दादा, ह्यानं घुमणं बंद होईल हां. आवाज एकदम साफ येईल."

"मग बरंच की!" जोमादादा म्हणाला. "आमच्या भजनातलं एक अक्षर तरी कळंल लोकांना."

साऱ्या गावाने हे ऐकलं. एकाही शहाण्याने भजनाच्या पुढे विचार केला नाही.

तिसरी सुनावणी लागली. मी त्या दिवसांत बोर्ली पंचतनला दुसऱ्या एका भांडणात अडकले होते, सुनावणीच्या सकाळी थेट हॉलात आले. दारातून आत पाऊल टाकलं आणि कानात बोळे घातल्यासारखं झालं. अधिकारी बोलले, शब्द न् शब्द ऐकू आला. मागून बाया ओरडल्या. आवाज भिंतीपर्यंत गेला आणि तिथेच मेला. अधिकारी अगदी गोड आवाजात म्हणाले, "एकेकाने पुढे या, सगळं नीट ऐकू येतंय." एकेक जण पुढे गेला. ज्या माणसांनी घोळक्यात आभाळ डोक्यावर घेतलं असतं, ती माइकसमोर एकटी उभी राहिल्यावर चाचरली. कारकुनाने सगळं लिहून घेतलं. जेवणाच्या आधी सुनावणी आटोपली, आणि तीही शांततेत. जाताना कंपनीच्या माणसाने भिंतीवरून हात फिरवला.

मग गावाचे डोळे उघडले. कुणाचा तरी गुन्हा असायला हवा होता. देणगी घेणारी गावकी, ठराव करणारी गावकी, रंग निवडणारा जोमादादा. यांतलं कुणी गुन्हेगार ठरेल? त्याच आठवड्यात गावकी बसली आणि कुलदीपला कंपनीचा माणूस ठरवून वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे शहरातल्यांना कळत नाही. कुणी मारत नाही. फक्त गिरणीवाला तुमचं दळण घेत नाही. दुकानदाराला तुम्ही दिसत नाही. नळावर सोनल गेली की बाकीच्या बाया हंडे उचलून निघून जातात. जो बोलेल त्याला दंड. आणि घरात कुणी मेलं तर खांदा द्यायला, लाकडं द्यायला गाव येत नाही.

बाबाजीच्या छातीत हाच शेवटचा भाग जाऊन बसला. तो स्वतः एके काळी पंच होता. त्याच्या पंचगिरीत एका घराला वाळीत टाकलं होतं, आणि त्या घरचं प्रेत टेम्पोत घालून न्यावं लागलं होतं. मागे चालायला कुणी नव्हतं. बाबाजीने ते ओटीवर बसून पाहिलं होतं. आता तो खाटेवर उशीला टेकून धापा टाकायचा आणि लेकाला म्हणायचा, "पाय धर त्यांचं. मना टेम्पोत घालू नको रं."

"कशाचं पाय धरू?" कुलदीप उसळायचा. "लावली मी. घेतली कुणी? एक टाइल वाकडी दाखवा, हात तोडून देतो."

मी त्याच्या घरी गेले ती कायदा घेऊनच गेले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात कायदा आहे, तुरुंगाची तरतूद आहे, मी आधीही लोकांना त्यात खेचलं आहे. "तक्रार दे," मी म्हटलं. "जोमादादाची तंतरते की नाही बघ."

"ताई, कायद्याला खांदं असतात का?" तो म्हणाला. "आण चार कायदे. बा गेला की उचला म्हणावं."

मी भडकले, तोही भडकला. मध्ये बाबाजीला खोकल्याची ढास लागली आणि कुलदीप पाणी आणायला उठला.

दरम्यान गावच्या पोरांनी टाइल उचकटायला पहार घातली, तीही खालून. एक टाइल फाटली, बरोबर प्लास्टरचा टवका आला. हॉल गावाचा, नुकसानही गावाचं. मग गावकीने निरोप पाठवला. कुलदीपने सगळ्या गावासमोर, स्वतःच्या हाताने, हॉलला धक्का न लावता सगळी भिंत उतरवावी आणि माफी मागावी. मग त्याला गावात घेऊ.

सुनावणी होऊन गेली होती. भिंत उतरवून एक गुंठाही शेत परत मिळणार नव्हतं. हे मी ओरडून सांगितलं. पण गावकीला शेत नको होतं, वाकलेला माणूस हवा होता. त्या आठवड्यात बाबाजीचं खाणं सुटलं. कुलदीप हो म्हणाला.

रविवारी सकाळी गाव हॉलात जमलं. गावकीत बायांनी बसायचं नाही असा त्यांचा नियम, म्हणून मी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले. कुलदीपने लाकडी घोडा भिंतीला लावला, वर चढला आणि वरच्या रांगेतली पहिली टाइल उचलली. ती इतकी अलगद हातात आली की पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी तोंडं उघडली. "आयला, नुसती टांगलेली हाय!"

तो उतरायचा, टाइल पोत्यावर ठेवायचा, पुन्हा चढायचा. इतक्या माणसांत खालून टाइल हातात घ्यायला एकजण उठला नाही. पाणीही नाही. कसं देणार? काम पुरं होईपर्यंत तो वाळीतच होता. नियम म्हणजे नियम. टाइल निघेल तशा मागच्या लोखंडी पट्ट्या उघड्या पडत होत्या.

निम्मी भिंत उतरली होती. एवढ्यात माझ्या शेजारून सोनल आत घुसली. पदर खांद्यावरून सरकलेला, पायांत चप्पल नाही.

"अहो," ती म्हणाली. "बाबा गेले."

हॉलात कुणी हललं नाही. कुलदीपच्या हातात टाइल होती. ती त्याने आधी पोत्यावर ठेवली, मग जोमादादाकडे बघितलं. जोमादादाने भिंतीकडे बघितलं.

"थोडंच ऱ्हायलंय," जोमादादा म्हणाला. आवाज चढवला नाही, उलट समजुतीने म्हणाला. "ठरलं ते पुरं कर, पोरा. पुरं झालं की तू गावात. मग बाबाजी गावाचा. अर्धवट सोडलंस तर मलापण काय करता यायचं न्हाय."

"अरे, त्याचा बाप मेलाय!" मी बाहेरून ओरडले. "माणसं आहात का कोण आहात?" निम्मी भिंत उघडी होती, माझा आवाज निम्माच घुमला. दोन-चार माना खाली गेल्या. तेवढंच.

"ताई, गप ऱ्हा," कुलदीप म्हणाला. सोनलला म्हणाला, "आईजवळ बस जा." आणि घोड्यावर चढला.

मला वाटलं होतं आता तो ओरबाडेल. कशाही टाइल फेकेल, पट्ट्या वाकवेल. मी असते तर हॉल पेटवला असता. त्याने तसं काही केलं नाही. एकेक टाइल वर उचलली, पुढे घेतली, खाली आणून तोंडाला तोंड लावून ठेवली, रंग खरवडू नये म्हणून. कोपऱ्यातल्या अर्ध्या कापलेल्या टाइलसुद्धा. मग पट्ट्या सोडवल्या. त्याचं घर हॉलच्या मागच्या आळीत. सोनाबाईचं रडणं हॉलात येत होतं, आणि जसजशी भिंत उघडी होत गेली तसतसं ते जास्त घुमायला लागलं. एकेक टाइलला वाढत गेलं. ते त्या हॉलातल्या प्रत्येकाने ऐकलं आहे. आज कुणी नाही म्हणालं तर माझ्यासमोर उभं करा.

शेवटची पट्टी निघाली. कुलदीपने हात पँटला पुसले, जोमादादाच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो," म्हणाला.

"ऊठ," जोमादादा म्हणाला. "गाव तुझंच हाय."

आणि मग गाव धावलं. खोटं कशाला सांगू, खरंच धावलं. कुणी बांबू तोडायला, कुणी लाकडं काढायला. नळावरून हंडे उचलून जाणाऱ्या बाया सोनाबाईच्या गळ्यात पडून रडल्या. गिरणीवाल्याने स्वतःच्या घरून चहा आणला. बाबाजीची तिरडी भजन म्हणत निघाली, खांदे बदलत, खाडीवरच्या मसणवटीपर्यंत सारा गाव मागे. जोमादादाने पहिला खांदा दिला. मेलेल्या माणसाला याचं काय मिळतं मला माहीत नाही. जिवंतपणी त्याने एवढंच मागितलं होतं, आणि त्याच्यापर्यंत कुणी ते पोचू दिलं नाही.

पुढे जेट्टीला परवानगी आली. हॉल पुन्हा पहिल्यासारखा घुमतो, भिंतीला भोकं आहेत. टाइल पोत्यांत होत्या. त्यातल्या बऱ्याच जोमादादाच्या टीव्हीमागे गेल्या. बसवल्या कुलदीपनेच. बोलावलं, गेला.

बारावं झाल्यावर मी तक्रार लिहून घेऊन गेले. साक्षीला मी होते, सोनल होती, शिवाय दोन पोरांना मी शरमेने का होईना तयार केलं होतं. आजवर एवढी पक्की केस माझ्या हातात आली नव्हती. कुलदीप ओटीवर ड्रिल पुसत बसला होता. मी वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकलं.

"बरोबर लिव्हलंय," तो म्हणाला. "नाव मात्र नको. कुठं छापायचं तर गावाचंपण नको."

"अरे, आता कशाला भितोस? बाप गेला तुझा. आता काय हिसकावणार आहेत ते?"

"मी करते सही," सोनल म्हणाली आणि माझ्या हातून पेन घेतलं. कागद गुडघ्यावर ठेवला.

कुलदीपने तिला अडवलं नाही. तो आत बघत होता. सोनाबाई चुलीपुढे सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. एका हाताने कंबर धरून, मध्येच दम खायला थांबत होती.

"ताई," तो म्हणाला, "आई हाय अजून."

सोनलने सही न करताच पेन मला परत दिलं.