तीन पंप आणि मैंदर्गीचा रस्ता

उजाडता उजाडता सोलापुरातल्या घराच्या फाटकाबाहेर सायकल काढली, तेव्हा वसुधा, म्हणजे माझी बायको, पायरीवर उभी होती. तिनं डबा दिला, पाण्याच्या बाटल्या भरल्यात की नाही ते बघितलं आणि आमच्यात ठरलेली अट पुन्हा एकदा ऐकवली.

"मैंदर्गीला जा, एक रात्र मल्लिनाथ सरांकडं राहा, उद्या या. पण मला गाडी काढून आणायला यायला लागलं, तर सायकल विकायची. कबूल ना?"

"कबूल," मी म्हणालो. सकाळी सकाळी वाद घालायची ताकद नव्हती.

तिचं चुकत होतं असं नाही. गेल्या पावसाळ्यात कुंभारीच्या पुढं एका कुत्र्याला चुकवताना मी पडलो आणि डाव्या बाजूचं कॉलरबोन मोडून घेतलं. तेव्हा तीच गाडी घेऊन आली होती. पुढचे चार-पाच महिने मी घरात बसून काढले. शाळेत जायचं, नववीला विज्ञान शिकवायचं आणि घरी येऊन भिंतीकडं बघत बसायचं. सायकल गेली तर उरलेलं आयुष्य तसंच जाईल, याची मला खरोखर धास्ती होती. म्हणून अट मान्य केली.

आता अडचण सांगतो. हाड जुळलं, पण खांदा पूर्वीचा राहिला नाही. पॅडल मारायला काही होत नाही, पण हातपंपानं हवा भरायची म्हटलं की मानेपर्यंत कळ जाते. रेसच्या सायकलचं टायर दिसायला बोटभर जाडीचं, पण त्याला मोटारीच्या टायरच्या तिप्पट दाब लागतो. त्यात आमच्याकडं सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे मुबलक. म्हणजे पंक्चर होणार हे ठरलेलं, प्रश्न एवढाच की नंतर हवा कशानं भरायची. तीन गोष्टी बाजारात मिळतात. एक, आपला जुना हातपंप. दुसरी, गॅसची कुपी. अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, आत दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड, एकदा वापरली की संपली. तिसरा, बॅटरीवर चालणारा मुठीएवढा पंप. मी महिनाभर लोकांना विचारून बेजार केलं आणि काहीच न ठरल्यामुळे तिन्ही बरोबर घेतले. शिक्षकांच्या खोलीत एकानं विचारलंसुद्धा, "सर, हवा विकायला निघालाय काय?"

कुंभारी येईपर्यंत पाय जड होते. विड्या वळणाऱ्या बायकांच्या वसाहतीतून चुलीचा धूर येत होता. पडलो होतो ती जागा आली तसा मी आपोआप ब्रेकवर हात ठेवला. कुत्रं नव्हतं. रस्ता आता चांगला चौपदरी झालाय आणि मधल्या दुभाजकात कण्हेर लावलीय. अक्कलकोटला दर्शनाला निघालेल्या गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. दोन्ही बाजूंना ज्वारी कापणीला आलेली, आणि त्यापलीकडं उघडा माळ.

वळसंग ओलांडलं आणि मागचं चाक बसलं. सराटाच होता. ट्यूब बदलली आणि मोठ्या हौसेनं गॅसची कुपी लावली. फस्स करून आवाज झाला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत टायर दगडासारखं कडक. कुपीवर पांढरं हिंव धरलं आणि माझी बोटं तिला चिकटल्यासारखी झाली. खांद्याला तोशीस नाही. मी अगदी खूश झालो.

बायकोला मागं बसवून चाललेला एक मोटरसायकलवाला थांबला होता. "काय वो, साप हाय काय तितं?" त्यानं विचारलं.

"नाही, हवा भरली."

"एवढ्यात?" तो म्हणाला. मागं बसलेली बाई म्हणाली, "चला की. तेंचं झालं, आपलं दर्शन राह्यलंय." आणि ते गेले.

अक्कलकोट म्हणजे माझी सासुरवाडी. तिथं मी चहासुद्धा घेतला नाही. मेहुण्याकडं मोठी गाडी आहे आणि जावयाला सायकलवर बघून त्यानं ती नक्की काढली असती. बाहेरच्या बाहेर वळलो आणि ऊन चढायच्या बेतात मैंदर्गीला पोचलो.

मल्लिनाथ सर माझ्याच शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात अर्धं बोलणं कानडीत चालतं. दारातच त्यांच्या आई म्हणाल्या, "बर्री, कूड्री" (या, बसा), आणि पाठोपाठ ताट आलं. कडक भाकरी, तेलावरची भरली वांगी, शेंगांची चटणी, दही आणि वाटीभर हुग्गी (गव्हाची खीर). मी नको म्हणत होतो आणि आजी वाढत होत्या. जेवून जो आडवा झालो तो चार वाजेपर्यंत उठलो नाही.

संध्याकाळी माझ्या हातून चूक झाली. कौतुकानं सरांना बॅटरीचा पंप दाखवला. त्यांनी तो त्यांच्या भावाच्या स्कूटीला लावून बघितला. बटण दाबलं की गुरगुर आवाज, आकडा दाखवणार, ठरलेला दाब झाला की आपोआप बंद. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली. शेजारी मोटरसायकल घेऊनच आला. "आमच्या बी चाकाला बघा की जरा." मग त्याच्या शेजारचा आला. पाहुण्यानं नाही कसं म्हणायचं? मी ओट्यावर बसून गल्लीतल्या गाड्यांना हवा भरत राहिलो. पंप इतका तापला की हातात धरवेना, आणि शेवटी लाल दिवा लावून गप्प झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चार्जिंगला लावून झोपलो. सकाळी उठून बघतो तर रात्रीच कधीतरी लाईट गेलेली, आणि पंप होता तसाच मेलेला.

त्याहून वाईट म्हणजे मागचं टायर थलथलीत. पुन्हा पंक्चर, म्हणून मी कपाळाला हात लावला. ट्यूब काढली, थोडी हवा भरून बादलीत बुडवली आणि वळवून वळवून बघितली. एक बुडबुडा नाही. सर शेजारी उकिडवे बसून बघत होते, आजी कानडीत काहीतरी सुचवत होत्या, आणि उन्हं वर येत होती. बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंक्चर नव्हतंच. कार्बन डायऑक्साइड रबरातून साध्या हवेपेक्षा फार लवकर निसटतो. कुपीनं भरलेलं टायर रात्रीत उतरणारच; मुक्कामाला पोचलो की तो गॅस सोडून साधी हवा भरायची असते. आयुष्यभर वर्गात वायू शिकवतोय मी. लाज वाटली, पण कुणाला सांगणार?

चिडून दुसरी, शेवटची कुपी लावायला गेलो आणि घाईत ती वॉल्ववर नीट बसवली नाही. सगळा गॅस अंगणात. आजी "यव्वा!" म्हणून मागं सरल्या आणि तुळशीजवळची कोंबडी ओरडत पळाली. सरांकडं सायकलचा मोठा उभा पंप होता, पण माझ्या सायकलचा वॉल्व बारीक, त्याला तो बसेना. शेवटी माझ्या हातपंपानं सरांनीच हवा भरली. भरून होईपर्यंत त्यांचा सदरा घामानं भिजला होता. "सर, एवढं करण्यापेक्षा एसटीनं जावा की," ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

निघायला उशीर झाला होता. परतीच्या वाटेवर वारा समोरून आणि ऊन डोक्यावर. अक्कलकोट मागं पडलं तेव्हाच पाण्याची एक बाटली संपली होती. कशाकडं बघायची इच्छा उरली नव्हती, नुसता पांढरा पट्टा धरून चालवत होतो. आणि वळसंगच्या अलीकडं, जिथं आजूबाजूला चिटपाखरू नसतं अशा माळावर, मागचं चाक पुन्हा बसलं. या वेळी बाभळीचा काटा, खरोखरचा.

ट्यूब बदलली. आता हातपंपाशिवाय काही नव्हतं. रस्त्याकडेच्या निंबाखाली बसकण मारली, पंपाचं एक टोक गुडघ्यानं दाबून धरलं आणि चांगल्या हातानं दांडा दाबायला लागलो. पण दुसऱ्या हातानं धरायला लागतंच. दहा-पंधरा वेळा दाबलं की खांद्यातून कळ निघायची, थांबायचं, पुन्हा दाबायचं. असं करत करत टायर कसंबसं चालवण्याजोगं झालं. पंप फिरवून काढायला गेलो, तर त्याच्याबरोबर वॉल्वमधली सुईही फिरून बाहेर आली. सगळी हवा एका दमात गेली. दुष्काळात तेरावा महिना.

मी तसाच बसून राहिलो. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. एवढ्यात फोन वाजला. वसुधा होती.

"कुठं आलात?"

"वळसंगच्या अलीकडं."

"काही झालंय का?"

"नाही गं. चहा प्यायला थांबलोय."

"बरं" म्हणून तिनं फोन ठेवला. मी फोन हातात धरून विचार करत राहिलो. एकदा 'ये' म्हटलं असतं तर अर्ध्या-पाऊण तासात ती आली असती. सावली, गाडीतला गार वारा, थंड पाणी. आणि संध्याकाळी सायकलचा फोटो काढून विकायला टाकायचा. इतका दमलो होतो की तेही चालेल असं वाटून गेलं.

एक कडब्याचा टेम्पो थांबला. "सायकल टाका की मागं," ड्रायव्हर म्हणाला. "सोलापुरात सोडतो."

हे अटीत बसत होतं. आणायला वसुधाला यायला लागत नव्हतं. तोंडाशी हो आलं होतं. पण आज टेम्पोत बसलो तर पुढच्या वेळी फाटकाबाहेर पडायचं धाडस मलाच होणार नाही, हे मला नक्की कळत होतं.

"नको, भरतो मी हवा," मी म्हणालो.

"ह्या उनात? लई जिद्दी हायसा," असं म्हणून त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मी ती अर्धी संपवली. तो गेला.

पुन्हा सुरुवात केली. सुई घट्ट बसवली, रस्त्याकडं पाठ केली, निंबाच्या खोडाला पंप टेकवला आणि अंगाचा भार टाकून दाबत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. एका टप्प्यावर दुखणं कमी झालं नाही, पण त्याच्याकडं लक्ष द्यायचं सोडून दिलं. पंप अगदी सावकाश काढला. हवा राहिली. उठलो तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या.

तिथून पुढचं मला फारसं आठवत नाही. कुंभारीला उसाचा रस प्यायलो एवढं आठवतं. घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. वसुधानं दार उघडलं, पाणी दिलं, चहा टाकला. मी आंघोळ करून आलो. मग कप माझ्यापुढं ठेवत तिनं विचारलं, "खांदा किती दुखतोय?"

"बरा आहे."

"मी आले होते," ती म्हणाली.

मला कळेना. "कुठं?"

"वळसंगच्या पुढं. चहा पितोय म्हणालात. त्या माळावर कुठली आलीय चहाची टपरी? लहानपणापासून तो रस्ता बघतेय मी. गाडी काढली आणि आले. पलीकडच्या बाजूला उभी केली होती. कण्हेरीतून तुम्ही दिसत होता. दांडा दाबायचा, थांबायचं, खांदा धरायचा, परत दाबायचा."

"मग हाक का नाही मारलीस?"

"दार उघडलं होतं. एक पाय खाली टाकला होता." ती बसली. "पडल्यावर तुम्ही घरी होता ना, तेव्हाची गोष्ट. मी बाजारातून आले, तर न्हाणीघरात नळ चालू, बादली भरून वाहतेय, पाणी पार खोलीत आलंय आणि तुम्ही तिथंच बसलेले. तुमचे पाय भिजले होते. तुम्हाला कळलं नव्हतं. मी काही बोलले नाही, पुसून घेतलं. आज तुम्हाला तिथं बघितलं आणि तेच आठवलं. म्हटलं, उतरले तर सायकल जाणार. मग तुम्ही सायकलवर बसेपर्यंत थांबले आणि पुढून वळून आले."

मला ती बादली आठवत नव्हती. अजूनही आठवत नाही. आम्ही दोघं चहा प्यायलो. मग तिनं तेल गरम करून आणलं आणि खांद्याला लावलं.

आता लोक मला विचारतात, लांबच्या रस्त्याला हवा भरायला काय न्यावं. मी सांगतो. गॅसची कुपी झटपट, पण चुकली की गेली, आणि मुक्काम असेल तर हवा बदलायला विसरू नका. बॅटरीचा पंप सोयीचा, पण चार्ज करून ठेवा आणि गल्लीत कुणाला दाखवू नका. मग ते म्हणतात, आणि हातपंप? त्याला फार वेळ लागतो, असं सगळेच सांगतात. मीही तेच सांगतो. पण सायकलवरून तो काढलेला नाही. त्या दिवशी खिशात एक कुपी शिल्लक असती, तर टायर क्षणात भरलं असतं आणि वसुधा तिथं यायच्या आत मी निघून गेलो असतो. एक पाय खाली टाकून ती किती वेळ तशी बसली होती, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलेलं नाही.