फुल्यांवरचा हिरवा रंग

चावीकाकूंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंड फटकळ, आणि चाल अशी की आधी जुडगा ऐकू यावा, मग काकू दिसाव्यात. नवरा कृषी प्रदर्शनाच्या मैदानाचा राखणदार होता. तो गेला तेव्हा समितीनं जुडगा काकूंच्या हातात दिला. फाटकालगतच्या दोन खोल्या आणि थोरली विधवा नणंद त्याच्याबरोबरच आल्या.

प्रदर्शन वर्षातून एकदाच. एरवी रिकामे गोठे, पारवे, आणि मधोमध जनावरं फिरवून दाखवायचं रिंगण. रिंगणाला लागून लोखंडी सांगाड्यावर फळ्या ठोकलेली, लोकांना बसायची गॅलरी. तिचा मूळ रंग कुणाला आठवत नव्हता. नणंदबाई खिडकीतून बघत रोज एक टोमणा टाकायच्या. "वहिनी, तुझ्या राज्याला अगदी अवकळा आलीय गं. पारवेसुद्धा नाक मुरडून बसतात."

"वन्सं, आधी चहा प्या, मग पारव्यांची वकिली करा."

"हा चहा होय? मला वाटलं भांडी विसळलेलं पाणी."

त्याशिवाय दोघींचा दिवस उजाडायचा नाही.

त्या वर्षी मैदानाच्या देखभालीला आणि सुरक्षेला सरकारी अनुदान मंजूर झालं. पण हप्त्यांत. पहिला हप्ता सुशोभनाचा. तो खर्च करून फोटो पाठवले, की मग दुरुस्तीचा.

"म्हणजे आधी कळस, मग पाया," काकू समितीच्या सचिवांना म्हणाल्या.

"काकू, नियम आहे. मी केलाय का तो?"

सुतारानं गॅलरी तपासली. एकेक फळी ठोकून ऐकली आणि कुजलेल्या फळ्यांवर तांबड्या फुल्या मारल्या. "दुसरा हप्ता आला की या बदलू. तोवर यांच्यावर कुणाला बसू देऊ नका," असं काकूंना बजावून तो गेला.

मग रंगारी आला. फुलीच्या फळ्या तेवढ्या सोडून त्यानं बाकीची गॅलरी हिरवीगार केली. लांबून ती दात पडलेल्या तोंडासारखी दिसायला लागली. प्रदर्शन तोंडावर आलेलं. काकूंना ते बघवेना. इतक्या वर्षांनी कुणाला तरी या मैदानाला रंग द्यायची बुद्धी झाली, आणि त्यातही ठिगळं?

"त्या पण रंगव."

"काकू, त्यांच्यावर फुल्या आहेत."

"मला पाठ आहेत त्या. मी दोऱ्या बांधीन तिथं. तू रंगव."

"बघा हं. मागाहून मला बोलायचं नाही."

"तुला कशाला बोलू? तू काय आमचा जावई आहेस, रुसशील म्हणून भ्यायला?"

रंगारी हसला आणि रंगवून मोकळा झाला. फोटो झकास आले.

प्रदर्शनाच्या सकाळी काकू दोऱ्या घेऊन गॅलरीसमोर उभ्या राहिल्या. सगळ्या फळ्या सारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. वरच्या ओळीतली की तिच्या खालची? कठड्याजवळची की त्याच्या पलीकडची? सुतार फाटकाशीच खुंट ठोकत होता. हाक मारली असती तर लगेच आला असता. पण त्याला बोलवायचं म्हणजे फुल्या आपणच झाकायला लावल्या हे कबूल करायचं. सगळी गॅलरीच बंद करावी असंही मनात आलं, पण मग सचिव "का?" म्हणून विचारणार. काकूंनी कुणालाच विचारलं नाही. आठवलं तिथं दोऱ्या बांधल्या. बहुतेक बरोबर बांधल्या. एक चुकली.

नणंदबाई कधी प्रदर्शनाकडे फिरकायच्या नाहीत. या वेळी काकूच मागे लागल्या. "चला तरी. रंग बघा, मग हवी तेवढी नावं ठेवा."

वन्सं काठी टेकत आल्या. मान वर करून त्यांनी गॅलरी न्याहाळली. "बरी दिसतेय की गं! चक्क नवरी."

एवढं कौतुक त्यांच्या तोंडून काकूंनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या फुलून गेल्या.

"बसू कुठं?"

काकूंनी हातानं फळी पुसली. "इथं बसा. इथून सगळं दिसतं."

रिंगणात पहिला बैल आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. फळी मोडल्याचा फारसा आवाजही झाला नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी ती खचली, आणि वन्सं सांगाड्यातून सरळ खाली गेल्या.

कमरेचं हाड मोडलं. त्या वयात ते काय जुळणार! चौकशीचे साहेब घरी आले, खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले. "आजी, तिथं तुम्हाला बसवलं कुणी?"

काकू दारात उभ्या होत्या, जुडगा मुठीत आवळून, वाजू नये म्हणून.

"बसवणार कोण? माझी मी बसले, दोरी ओलांडून," वन्सं म्हणाल्या. "सांगितलेलं ऐकायची सवय कुठंय मला?"

साहेबांनी ते लिहून घेतलं. काकूंनी तोंड उघडलं नाही. ते गेल्यावरही नाही. आता तर उघडायचं म्हटलं तरी कुठून सुरुवात करणार?

त्यानंतर दुसरा हप्ता बिनबोभाट आला. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात तसं. नव्या फळ्या बसल्या, सांगाडाही बदलला.

वन्संची खाट खिडकीशीच आहे. मैदान दिसतं, पण त्या त्यावर काही बोलत नाहीत. काकू त्यांना उठवतात, धुतात, भरवतात. वन्सं म्हणतात, "किती करतेस गं माझं." म्हणतात, "दमलीस, बस जरा." पाहुणीशी बोलावं तसं गोड बोलतात. टोमणा म्हणून नाही.

परवा काकूंनी चहात साखरेऐवजी मुद्दाम मीठ घातलं. कप हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या.

वन्संनी एक घोट घेतला. थांबल्या. मग हळूहळू पीत राहिल्या.

"छान झालाय," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

काकू कप घेऊन आत गेल्या. तळाशी उरलेला घोट त्यांनी तोंडाला लावून पाहिला. मीठ होतंच.