अकरा दिवे विझवून

कोंडीराम वाशीम जिल्ह्यातलं आपलं गाव सोडून पुण्याला आला त्याला आता नऊ वर्षं झाली. हडपसरला दोन खोल्या भाड्याने घेऊन तो आणि त्याची बायको द्वारका राहतात. त्याचं काम सांगायला सोपं आहे. जिथे जिथे मोठे सर्व्हर आहेत तिथे जायचं, बिघडलेली डिस्क ओढून काढायची आणि तिच्या जागी नवी बसवायची. डिस्क म्हणजे तळहातात मावणारी जड, चपटी डबी. माणसांची माहिती तिच्यात साठवलेली असते. अशा बारा डिस्क एका पेटीत बसतात आणि प्रत्येकीच्या तोंडाशी तांदळाच्या दाण्याएवढा दिवा असतो. चांगल्या डिस्कचा दिवा हिरवा. काढायची असेल तिचा दिवा दूर ऑफिसात बसलेलं माणूस कॉम्प्युटरवरून नारिंगी करून देतं. कोंडीरामने तो बघायचा आणि ती डिस्क ओढायची.

आणि कोंडीरामला हिरवा आणि नारिंगी वेगळे दिसत नाहीत.

हे फक्त द्वारकेला माहीत होतं. लहानपणी मिरच्या तोडायला गेला की तो पिकलेल्यांबरोबर कच्च्याही घेऊन यायचा. बाप म्हणायचा, ध्यान नाही याचं. ध्यान होतं, डोळ्यांत तो रंग नव्हता. पुण्यात सिग्नलला वरचा दिवा लागला की तो थांबतो, खालचा लागला की निघतो. शर्ट द्वारका काढून देते. कामावर निभावलं ते एवढ्याचसाठी, की जुन्या पेट्यांवर काढायच्या डिस्कचा दिवा लुकलुकायचा. काजव्याला कोणी रंग विचारत नाही. पण नवी पेटी दिसली की कोंडीराम आधी दिवा लुकलुकतो का ते बघायचा, आणि नऊ वर्षांत त्याने ही गोष्ट ऑफिसात कोणाला सांगितली नव्हती. दिवे बघायच्या नोकरीत हे सांगायचं म्हणजे नोकरी सोडायची, असं तो धरून चालला होता.

गेल्या फाल्गुनात एका सोमवारी सकाळी अकराला तो एका स्कॅन सेंटरच्या तळघरात उभा होता. वर खुर्च्यांवर माणसं बसली होती. त्यांच्यातून येताना एका म्हातारीने पाय आखडून त्याला वाट दिली होती. तिच्या मांडीवर जुन्या फिल्मचा मोठा लिफाफा होता. खाली थंडगार खोली, पंख्यांची घरघर, आणि समोर नवी पेटी. कानातल्या फोनवर सदाशिव पेठेतल्या ऑफिसातून वल्लरी मॅडम. वयाने त्याच्याहून लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी निघण्याआधीच बजावलं होतं, की एक डिस्क गेली तर उरलेल्या अकरा तिचा भार उचलतात, दुसरी हलली तर बाराही गेल्या. सहा वर्षांचे स्कॅन त्यांत होते. त्यांची दुसरी प्रत अजून झालेली नव्हती, ती पुढच्या आठवड्यात करायची होती.

"सात नंबर लावलाय. नारिंगी. दिसतोय ना?"

"हो मॅडम."

सवयीने तोंडातून गेलं. मग त्याने पाहिलं. एकही दिवा लुकलुकत नव्हता. चार चारच्या तीन ओळी, आणि बाराही दिवे वाळल्या गवताच्या रंगाचे, शांत.

त्याने खोटं कारण काढलं. खात्री करून घेतो, म्हणाला, एकदा बंद करून परत लावा. मॅडमनी बंद केला, तसं सांगितलं. लावला, तसंही सांगितलं. कोंडीरामच्या समोर काहीच हललं नाही. बंद म्हणजे पुन्हा हिरवा, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. 

पेटीवर आकडे नव्हते. त्याने वरच्या ओळीपासून मोजलं. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात. मधल्या ओळीतली तिसरी. तिच्या खिट्टीवर अंगठा ठेवला. खिट्टी टक्कन उघडली. आता फक्त ओढायचं होतं.

हात ओढेना. वर लिफाफा धरून बसलेली म्हातारी त्याला आठवली. तिने आखडलेले पाय आठवले.

"निघाली का?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, मला रंग दिसत नाहीत."



"कुठले रंग?"

"हिरवा आणि नारिंगी. दोन्ही एकच दिसतात. पहिल्यापासून."

"डिस्क ओढलीत?"

"नाही. खिट्टी उघडलीये."

"ती हळूच बंद करा. आणि हात मागे घ्या." त्या इतक्या हळू बोलल्या की कोंडीराम आणखीच घाबरला.

त्याने खिट्टी दाबून बसवली. मग त्याला एक सुचलं. म्हणाला, "उजेड आणि अंधार मला कळतो. बाकीचे अकरा विझवता येतील का?"

थोडा वेळ कीबोर्ड वाजला. येतील, त्या म्हणाल्या, एकेक विझवते, विझला की सांगा.

पहिला गेला. गेला, कोंडीराम म्हणाला. दुसरा गेला. गावात दिवेलागणीला माळावरून पाहिलं की एकेक घर उजळत येतं; इथे उलटं होत होतं, वस्ती एकेक घराने काळोखात चालली होती. वरची ओळ संपली. मधल्या ओळीतला पहिला गेला. दुसरा गेला. मग तिसरा गेला.

त्याच डिस्कचा, जिच्या खिट्टीवर मघाशी त्याचा अंगठा होता.

 पेटी ठेवलेल्या रॅकची कड धरून तो उभा राहिला आणि उरलेल्या चारांना गेला, गेला म्हणत गेला. शेवटी सगळ्या काळोखात एकच दिवा राहिला, मधल्या ओळीतला चौथा. अंगठा ठेवला होता तिच्या शेजारचा.

त्याने मॅडमना सांगितलं, मी हिच्या अलीकडची धरली होती, सात मोजून.

"ही पेटी शून्यापासून मोजते," मॅडम म्हणाल्या. "पहिली शून्य, म्हणून आठवी ती सात."

डिस्क बदलून झाली. वर आला तेव्हा म्हातारीची खुर्ची रिकामी होती. तिला आत बोलावलं होतं.

दुपारी ऑफिसात मॅडमनी एवढंच विचारलं, की सरांना तुम्ही सांगता की मी सांगू. कोंडीराम स्वतः गेला, मॅडम मागोमाग आल्या. दिगंबर सर म्हणजे ऑफिसचे मालक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत बसले.

"म्हणजे दिवे बघायला ठेवलेला माणूस नऊ वर्षं अंदाजाने पगार घेतोय. छान."

 घरी द्वारकेला काय सांगायचं, याचीच कोंडीराम जुळवाजुळव करत होता.

"अहो, उभे काय राहिलात? उद्या विमाननगरला एक बदलायची आहे. वल्लरी, आधी बाकीचे दिवे विझवायचे, मग हात लावू द्यायचा. ह्यांनाच नाही, सगळ्यांना. ज्यांना रंग दिसतात तेही एकपासूनच मोजतात."

दुसऱ्या दिवशी विमाननगरला अकरा दिवे विझले, एक उरला. कोंडीरामचा अंगठा खिट्टीवर गेला आणि तिथेच थांबला.

"मॅडम, परत एकदा लावून विझवता का?"

"परत?"

"भीती वाटते."

मॅडमनी सगळे दिवे लावले आणि पुन्हा पहिल्यापासून विझवायला घेतले.